वखारआळीचे मास्तर

गेल्या महिन्यात वखारआळीतली चार माणसं माझ्याकडे वर्गणी मागायला आली. आळीच्या तोंडाशी दाजी मास्तरांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवायची आहे, म्हणाली. मालाचं वर्णन ऐकल्याशिवाय मी कशालाच हात घालत नाही. विचारलं, पाटीवर लिहिणार काय? त्यांच्यात एक तरुण वकील होता. त्याने खिशातून कागद काढला आणि वाचायला लागला, "ज्यांनी मालवणच्या जुन्या पेठेचं प्राणपणाने जतन केलं..." मी त्याला तिथंच अडवला.

"वखारआळयेत आज जुनी घरां किती उभी आसत, ता सांग बघूया माका."

वकिलाने कागदाची घडी घातली. बरोबरच्या म्हाताऱ्याने सारवासारव केली, "तसा नाय ओ येसोबा. तुमी त्येंका बरे वळखीत होतास, म्हणान इलंव."

ओळखत होतो. त्यांनी मला ओळखलं त्याहून जास्तच. वर्गणी दिली नाही. पण ती माणसं गेल्यावर मास्तर डोक्यातून हलेनात, म्हणून हे लिहायला बसलो. पाटीवर जे मावणार नाही, ते कुठेतरी असलेलं बरं.

दाजी मास्तर हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. उंच, काटकुळे, मान जरा पुढे काढून चालणारे. अंगात काळा कोट, तो खांद्यावर उन्हाने हिरवट पडलेला. हातात छत्री असायची, पण ती उघडलेली मी फारशी पाहिली नाही. छत्रीचं टोक हे त्यांचं बोट होतं. त्या टोकाने ते दारावरच्या गणेशपट्टीवरचा मोर दाखवायचे, वाशाची वीण दाखवायचे, आणि एखादा पोरगा भिंतीला टेकला तर त्याच टोकाने त्याला बरगडीत ढोसायचे.

मी सांगतोय ते पन्नास-साठ सालांच्या आसपासचं. तेव्हा मुंबईची आगबोट मालवणला लागायची. समुद्रातला किल्ला बघायला लोक यायचे. मे महिन्यात चाकरमानी, दिवाळीनंतर शाळांच्या सहली, मधूनच कोणी कॅमेरेवाला. वारा पडेपर्यंत होडीवाले त्यांना बंदरावर बसवून ठेवत. तेवढ्यात मास्तर तिथे हजर होत.

"किल्लो खंय पळान जाता?" ते म्हणत. "तेका चारी बाजून पाणी आसा. आमची आळी मात्र रोज थोडी थोडी पळता. ती आधी बघा."

आणि घेऊन निघत. गावात त्याला 'मास्तरांची फिरती' म्हणत. बंदरावरून मिठाच्या कोठाराच्या बाजूने वखारआळीत. दोन्ही अंगांना जुन्या व्यापाऱ्यांची घरं, चिऱ्याचे ओटे, वर उतरती कौलं, काही घरांना माड्या. एकेका घरापुढे फिरती थांबायची. मास्तर दाराच्या खांबावर बोटाच्या पेराने ठोकायचे, कान लावायचे, आणि मग पाहुण्यांना लावायला सांगायचे. "ऐकलास? साग बोलता. फणस नुसतो हुंकार देता." कोणी ओट्यावर बसला की ओरडायचे, "घर उभ्यान बघूचा. बसाक हाटेल आसा थंय कोपऱ्यार." पैसे कधी घेतले नाहीत. चहासुद्धा नाही. तपकिरीची चिमूट पुढे केली तर तेवढी घेत.

या सगळ्याच्या आधी गाऱ्हाणं असे. आमच्याकडे विहीर खणायची असो की होडी पाण्यात लोटायची असो, गाऱ्हाणं घातल्याशिवाय हात लावत नाहीत. एकाने देवाला आणि जागेच्या मानकऱ्यांना नावं घेऊन साकडं घालायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मास्तरांनी ते आपल्या फिरतीला लावलं होतं. आळीच्या तोंडाशी पिंपळाखाली राखणदाराचा दगड आहे, त्याच्यापुढे पाहुण्यांना उभं करून ते आवाज लावत.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या पाथरवटान चिरो घडवलो, ज्या सुतारान वासो तासलो, ज्या गवंड्यान चुनो मळलो, त्या सगळ्यांच्या नावान ही लेकरां तुझ्या आळयेत पाय ठेवतत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येंच्या डोळ्यांक नजर दी, हातांक आवर दी, आणि जाताना आमचो खिळो त्येंच्या खिशात जाता नये, अशी राखण कर रे म्हाराजा!"

हसत हसत लोक 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. एखादा नाही म्हणाला तर मास्तर तळहात वर करून थांबायचे. एकदा मुंबईचा एक सुटाबुटातला पाहुणा ओठ मिटून उभा राहिला. मास्तर थांबले. पाहुणे थांबले. मागून मासळीच्या टोपल्या घेऊन आलेल्या आमच्या दर्याकडच्या बायका थांबल्या. सगळी आळी त्या एका माणसाच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी तो पुटपुटला.

"खणखणीत म्हणा सायबानू," मास्तर म्हणाले. "देवाक कमी ऐकू येता."

टोपलीवाल्यांतली एक म्हणाली, "म्हण रे बाबा एकदा! माझे बांगडे सुकतत हय!"

माझं आणि मास्तरांचं पहिलं भांडण झालं ते ओट्यांवरून. मालमोटार आत यावी म्हणून आळीतले ओटे तोडून रस्ता रुंद करायचा असं गावात ठरलं होतं. ओट्यांचे चिरे उचलायचा सौदा माझ्याकडे होता. माझा धंदा तोच. लहानपणी मोडलेल्या घरांची कौलं डोक्यावरून वाहिली, मग कौलं विकत घ्यायला लागलो, मग दारं, मग अख्खी घरं. मालक मुंबईत, भाऊबंद एकमेकांशी बोलत नाहीत, घराला कुलूप, आत वाळवी. ती घरं मी मारली नाहीत. मेलेली उचलली.

तर पहारी घेऊन माझी माणसं सकाळी आळीत गेली, आणि बघतात तो प्रत्येक ओट्यावर पोरं बसलेली. मास्तर तेव्हा नोकरीत होते. त्यांनी चित्रकलेचा वर्गच आणून बसवला होता. या ओट्यावरच्या पोराने समोरचा ओटा काढायचा, समोरच्याने हा. मास्तर मधोमध छत्री टेकून उभे.

"चित्र पुरा होयसर कोण जाग्यावरना हलूचा नाय!"

दुपार झाली. दुसऱ्या दिवशी दुसरा वर्ग. तिसऱ्या दिवशी पहिलाच पुन्हा. मी तापून गेलो. "मास्तर, चित्रां संपतली कधी?"

"येश्या," ते शांतपणे म्हणाले, "सावली बदालली की चित्र बदालता."

सगळा बाजार हसला. रस्त्याचं बोलणं थंड पडलं आणि माझा सौदा बुडाला. तेव्हा मलाही थोडं हसू आलं होतं, हे खोटं कशाला सांगू. त्या माणसाला चार पहारींसमोर चाळीस पोरं कशी बसवावी ते कळत होतं. अशी अक्कल मला धंद्यात फार थोड्या लोकांत दिसली.

पण मास्तर तिथे थांबले नाहीत. त्यानंतर फिरती माझ्यासमोरून गेली की ते छत्रीचं टोक माझ्याकडे करायचे. "हो आमचो येसो मोडको. घर मेल्यार पयलो हो येता, मगे भटजी." लोक हसायचे. चाकरमानी ते नाव मुंबईला घेऊन गेले आणि पुढल्या वर्षी परत घेऊन आले. माझ्या लग्नात नवरीकडच्या एका म्हाताऱ्याने मला तोंडावर विचारलं, "मोडके म्हणजे खंयचे तुमी?" आमचं आडनाव ते नव्हे.

एकदा मीही सुनावलं होतं. पाहुण्यांच्या देखत म्हटलं, "मास्तर, तुमच्या स्वतःच्या घराचे वासे खंय गेले ता पण सांगा." त्यांचं वडिलार्जित घर त्यांच्या चुलत्याने केव्हाच विकलं होतं, मास्तर भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. मग पाहुण्यांना म्हणाले, "चला. फुडचा घर." त्या दिवशी त्यांनी पुढच्या घराच्या खांबावर ठोकून बघितलं नाही.

हे सगळं मी सोडून दिलं असतं. बाजारात टोमणे द्यायचे-घ्यायचे असतात. सोडलं नाही ते दाराचं.

आळीच्या मध्यावर जुन्या गलबतवाल्या शेटचं माडीचं घर होतं. दार असं की आळीत दुसरं नाही. अख्ख्या सागाची चौकट, दोन्ही खांबांवर वेल, वर गणपती, त्याच्या दोन्ही अंगांना मोर. मास्तरांची फिरती तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबायची; तिथली एक खुंटी दाखवून मास्तर सांगायचे, हिला फिरंगी कप्तानाने टोपी अडकवली होती. आणि माझा बाप बाजारात जाताना त्या दारापाशी थांबायचा. आम्ही दर्याकडची माणसं. बापाचं आयुष्य किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढण्यात गेलं. डोक्यावरची टोपली खाली ठेवायची, उजव्या खांबाला हात लावायचा, तो हात कपाळाला लावायचा, टोपली उचलून पुढे जायचं. शेटच्या घरात कोणी असो नसो, त्याने हे कधी चुकवलं नाही.

एक दिवस मी गाडी घेऊन आळीत उभा होतो. फिरती दारापुढे थांबलेली. तेवढ्यात बाप आला, टोपली ठेवून खांबाला हात लावून गेला. मास्तर पाहुण्यांना त्यांच्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "पाहिलंत? दर्यावरची ही साधी माणसं आजही शेटच्या दाराला वंदन करून पुढे जातात. एवढी या घराची इज्जत!"

एका बाईने 'अगंबाई' म्हटलं. कॅमेरेवाल्याने बापाच्या पाठीचा फोटो घेतला.

आता खरं काय ते सांगतो. माझा आजा, सोमा तांडेल, शेटचं गलबत चालवायचा. शेटने जुन्या घरावर माडी चढवली तेव्हा नव्या दारासाठी साग मलबारातून आजाने आणला. बापाचा मोठा भाऊ जानू, मिसरूड न फुटलेला पोर, त्या खेपेला गलबतावर होता. येताना वादळ झालं. खलाशी म्हणाले, लाकूड दर्यात लोटा, गलबत हलकं करा. आजा म्हणाला, शेटला शब्द दिलाय. लाकूड बांधलेले दोर सुटायला लागले, ते आवळायला जानू गेला आणि लाटेबरोबर गेला. साग मालवणला आला. जानू आला नाही. त्याला अग्नी नाही, त्याची जागा नाही. आजीने तेव्हा बापाला सांगितलं, जो त्या लाकडापायी गेलो, तो त्या लाकडाकडेच येतलो. म्हणून बाप हात लावायचा. शेटच्या इज्जतीला नव्हे.

मी संध्याकाळी मास्तरांच्या खोलीवर गेलो आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. तपकीर ओढली.

"ह्याका पुरावो काय, येश्या?"

"माझो बापूस."

"तशी ऐकीव गोष्ट माका सांगता येवची नाय. ता दार दोनशे वर्सांचा आसा. किल्ल्यावर राबता होतो, त्या वक्ताचा."

"आणि फिरंगी कप्तानान टोपी अडकवलेली खुंटी? तेका कसलो पुरावो? ती खुंटी शेटच्या गड्यान माझ्यादेखत ठोकली."

"ता वेगळा."

"कसा वेगळा?"

"फिरंग्याचा सांगल्यार लोक हसतत आणि जातत. ह्या दाराचा तसा नाय." एवढंच म्हणाले आणि दिवा मोठा करायला उठले. म्हणजे मी निघावं.

फिरतीत बापाचं 'वंदन' चालू राहिलं.

पुढे शेटच्या वारसांनी मुंबईत बसून घर विकायचं ठरवलं. मी घेतलं. आळीत बातमी फुटली त्याच दिवशी दुपारी मास्तर माझ्या आवारात आले. एवढ्या वर्षांत दर्याकडच्या आमच्या वाड्यात त्यांचा पाय पहिल्यांदा लागला. सुक्या मासळीचा वास, म्हणून धोतराचा सोगा नाकाला. उन्हाने लाल झालेले. मी बसायला सांगितलं ते बसले नाहीत. ओंडक्यांच्या मधे उभे राहून म्हणाले, "घर ने. दार ठेव."

"कित्याक?"

"मुंबईसून साहेब येतलो. जुन्या वास्तूंची नोंद करणारो. तेका मी पत्रां घालून घालून बोलावलंय. तेणी एकदा ह्या दार बघल्यान की आळयेचा नाव सरकारदरबारी लागात. मगे तुझी पहार आळयेत कोणाच्याच घराक लागाची नाय."

"म्हणजे माझो धंदो बुडवूक माझ्याचकडे दार मागतास?"

"व्हय," मास्तर म्हणाले.

खोटं बोलले असते तर मी त्यांना हाकललं असतं. त्यांच्या त्या 'व्हय'ला मी भुललो. म्हटलं, ठीक आहे. दार, चौकट, बाजूची भिंत आणि ओटा ठेवतो. पण माझं मागणं आहे. एक, बापाबद्दल ते वंदनाचं बोलायचं नाही. दोन, गाऱ्हाण्यात मानकरी मोजता त्यात सोमा तांडेल आणि जानू यांची नावं घ्यायची, दारापुढे उभं राहून. तीन, फिरती आमच्या वाड्यात आणायची. आजाच्या गलबताचा कणा आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात आहे, आम्ही बसायला वापरतो, तो दाखवायचा.

"वाड्यात बघूक काय आसा? बांगडे सुकत घातलेली वळण?"

"ता बघणारो ठरवतलो."

"नको रे येश्या. लोक नाकाक रुमाल लावतले. तुझोच अपमान होतलो."

त्यांच्या नाकाला सोगा होता. दुपारभर घासाघीस चालली. शेवटी तिसरं मागणं मी सोडलं. सौद्यात काहीतरी सोडावंच लागतं. पहिली दोन त्यांनी मान्य केली, आमच्या रीतीप्रमाणे माझ्या तळहातावर हात मारला. त्यांचा हात थंड आणि खडूने खरखरीत होता. तेव्हा नोकरी सुटून वर्ष झालं होतं, पण बोटांतला खडू गेला नव्हता.

मी घर उतरवलं. माडी, वासे, कौलं गेली. मोकळ्या जागेपुढे दार तेवढं उभं राहिलं, पाठीमागे आकाश.

साहेब आला. आळीत सगळा गाव जमला. मी बापाला धुतलेलं धोतर नेसवून, हाताला धरून आणलं. त्याला सांगितलं होतं, आज जान्याचं नाव घेणार. रात्री त्याने जेवतानाही तेच दोनदा विचारलं होतं, "मास्तर घेतलो? सगळ्यांफुडे?" दाराजवळ आम्ही पुढेच उभे राहिलो.

मास्तरांनी त्या दिवशी पिंपळाखाली नाही, दारापुढेच गाऱ्हाणं लावलं. कोट धुऊन इस्त्री केलेला. आवाज असा लागला होता की अंगावर काटा यावा.

"बा देवा म्हाराजा! ज्या शेटान ह्या घर उभा केल्यान, तेच्या नावान!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या सुतारान ह्यो मोर कोरलो, ज्या लोहारान ही कडी घडवली, तेंच्या नावान!"

"व्हय म्हाराजा!"

बापाने माझा दंड घट्ट धरला.

"आणि दोनशे वर्सांमागे ज्या कोणी दर्यावर्द्यान ह्या लाकूड आणल्यान, तो जो कोण आसात, जंय आसात थंय, नाव-गाव ठावक नसलेलो, तेच्याय नावान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाव म्हणाला. बाप म्हणाला. आणि मीही म्हणालो. लहानपणापासून तोंडाला वळण पडलेलं असतं. हाक आली की उत्तर जातं. ते तोंडातून गेलं आणि मग मला कळलं मी कशाला हो म्हणालो ते. आमच्या गाऱ्हाण्यात नाव-गाव ठाऊक नसलेले सगळ्यात शेवटी येतात. ती भटकणारी भुतंखेतं. मानकऱ्यांना नारळ दिल्यावर त्यांच्यासाठी एक शकल वेशीबाहेर फेकतात. आजाला आणि जानूला मास्तरांनी त्या शकलावर बसवलं, आणि त्यावर होकार माझ्याच तोंडून घेतला.

बापाने विचारलं, "येश्या, जान्याचा नाव खंय इला?"

गर्दी पुढे सरकली तसं मी मास्तरांचं मनगट धरलं. "मास्तर, हात मारलो होतास."

त्यांनी साहेबाच्या पाठीकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "आज नको, येश्या. साहेबाक दार दोनशे वर्सांचा सांगलंय. तुझ्या आज्याचा नाव घेतल्यार ता सत्तर वर्सांचा होता. सत्तर वर्सांच्या दाराक कोण इचारता? आधी दार वाचांदी. नाव मगे घेवया."

म्हणजे त्यांना माझी गोष्ट खरी वाटत होती. पुरावा मागायचे तेव्हाही वाटत असणार. मनगट सोडलं. त्या क्षणी ते मला म्हणाले असते की तुझा आजा खोटा, तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहारी घेऊन गेलो. दिवसाउजेडी, सगळ्यांदेखत. दार माझं होतं. सौदा त्यांनी मोडला होता. मोडलेल्या सौद्याचा माल मालकाकडे परत जातो, हे कुठल्याही बाजारात विचारा. मास्तर धावत आले. पायात चपला नव्हत्या. या वेळी बसवायला वर्ग नव्हता. ते एकटेच उंबरठ्यावर बसले.

"उठा मास्तर. घर उभ्यान बघूचा," मी म्हटलं.

हे वाक्य मला आजही बरोबर वाटतं. मास्तर छत्री टेकून उठले, आणि उठताना सवयीने खांबावर बोटाच्या पेराने ठोकलं. काय ऐकलं कुणास ठाऊक. गेले.

साहेबाचं पुढे काही आलं नाही. दार असतं तरी आलं असतं असं मला वाटत नाही. ते लोक चहा पितात, मान हलवतात आणि बोटीत बसतात. पण आळीत सगळे म्हणतात, मोडक्याने दार काढलं म्हणून आळी गेली. नंतरच्या वर्षांत एकेका घराचे मालक स्वतःहून माझ्याकडे आले, भाव वाढवून मागत. ते कोणी सांगत नाही.

दार मी माझ्या आवारात उभं केलं. मनात होतं, बापाला आता बाजारापर्यंत जायला नको. घरच्या घरी हात लावील. त्याला आणून पुढे उभं केलं. त्याने वेलावरून नजर फिरवली, मोराकडे पाहिलं, आणि हात मागेच ठेवले.

"हात लाव ना," मी म्हटलं.

"जान्या थंय येय," बाप म्हणाला. "तेका थंयची वाट ठावक. हय कसो येतलो?"

मग मी ते दार विकून टाकलं. घाटावरच्या कोणा बागाईतदाराने नेलं.

मास्तरांची फिरती त्यानंतरही चालू होती म्हणतात, पण मी त्या वेळेला आळीत जायचं टाळत असे. बोटीने उतरणारे कमी झाले होते, आळीतली निम्मी घरं सिमेंटची झाली होती. कोणी सांगायचं, मास्तर आता दोन-तीन माणसं मिळाली तरी जातात. कोणी सांगायचं, एकटेच जातात आणि एकटेच बोलतात. लोक वाटेल ते सांगतात. बाप वारला तेव्हा मास्तर आमच्या वाड्यात आले होते, म्हणे. मी स्मशानात होतो.

शेवटचे दिसले ते एका सकाळी. आळीच्या टोकाचं घर मी घेतलं होतं, त्याची कौलं भरून बैलगाडी बाहेर काढत होतो. शेटच्या घराच्या जागी तोवर खताचं गोदाम झालं होतं. त्याच्या पत्र्याच्या दारापुढे मास्तर उभे होते. कोट आता अंगावर लोंबत होता. समोर कुठल्याशा शाळेची सात-आठ पोरं आणि एक कंटाळलेली बाई. मास्तरांनी छत्री हवेत उचलली होती, आणि टोकाने दार काढून दाखवत होते. हा उजवा खांब. हा वेल. इथे गणपती. या अंगाला मोर, त्या अंगाला मोर. उंची बरोबर होती. मी उतरवलं होतं ते दार, मला माहीत.

गाडी थांबवावी लागली. वाट त्यांनी अडवली होती. त्यांनी मला पाहिलं. छत्री खाली घेतली आणि आवाज लावला. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, पण शब्द स्वच्छ होते.

"बा देवा म्हाराजा! सोमा तांडेलान मलबारसून साग आणल्यान, तेच्या नावान!"

"व्हय म्हाराजा!" पोरं ओरडली.

"त्या सागापायी सोमाचो झील जानू दर्यात गेलो, तेच्या नावान!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जेचो आजो ता दार घेवन इलो, जेचो चुलतो तेच्यापायी गेलो, त्या सोमा तांडेलाच्या नातवान, येशवंतान, ता दार मोडून नेल्यान, म्हाराजा!"

मोडको म्हणाले नाहीत. येशवंत म्हणाले. गावात माझं ते नाव घेणारं तेव्हा कोणी राहिलं नव्हतं.

"व्हय म्हाराजा!" पोरं ओरडली, आणि पुढच्या घराकडे बघायला लागली.

मास्तर हलले नाहीत. तळहात वर करून थांबले, माझ्या तोंडाकडे बघत. बैल फुरफुरले. बाईने घड्याळ पाहिलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले, बैलांच्या शेपट्या पिळल्या आणि त्यांच्या बाजूने, चाक गटारात घालून, गाडी काढली. वळणावर मागे पाहिलं. पोरं पांगली होती, बाई त्यांना गोळा करत होती. मास्तर तसेच हात वर करून उभे होते.